तिरक्या उजेडाचे सोमणकाका

सोमणकाका कोणतीही नवी वस्तू पहिल्यांदा बघतात ती खोलीतला दिवा बंद करून. मग खिशातून पेनाएवढी बॅटरी काढतात, ती वस्तूच्या कडेला जवळजवळ आडवी धरतात, एक डोळा मिटतात आणि उजेड सावकाश पुढे सरकवतात. वस्तू कोणतीही चालते. नवा फोन, सफरचंद, स्टीलची वाटी, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. दिवा बंद करण्याआधी खोलीत इतर माणसं आहेत का, हे बघायची त्यांना सवय नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीला हे साठेक माणसांनी अनुभवलं. इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये जेवणाची रांग लागली होती. मंडळाने त्या वर्षी हौसेने नवी ताटं आणली होती. एकदम अंधार झाला. दोन लहान मुलं रडायला लागली, कोणाच्या तरी हातून मठ्ठा सांडला आणि अंधारातून शांत आवाज आला, की या ताटांना चरे आहेत, पॉलिश घाईत केलेलं दिसतंय. दिवे लागल्यावर मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सोमण, आम्हाला त्यात जेवायचंय, तोंड बघायचं नाही."

"जेवा ना," काका म्हणाले. "मी फक्त सांगितलं."

मी त्यांना ओळखायला लागले ते त्यानंतर वर्षभराने. मी इथल्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा इचलकरंजीला मागावर होते, आता इथे सुपरमार्केटच्या बेकरीत आहेत. आई वृद्धाश्रमात काम करते. त्यामुळे कॉलेजचं काहीही आलं की घरात विचारायला कोणी नसतं, आणि मला बाहेर विचारायला भीती वाटते. आमच्या पदवीला आठशे तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. ते तास कंपनीने सही करून दिले नाहीत तर बाकी सगळे पेपर सुटूनही पदवी मिळत नाही. मी चाळीस ठिकाणी अर्ज केले होते. शेवटी मंडळातल्या कोणीतरी सोमणकाकांना सांगितलं, काकांनी त्यांच्या साहेबाला, आणि मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला, जागा मिळाली. रोज जायला दोन बस, यायला दोन बस. उन्हाळाभर मी बसमध्ये डोकं काचेला टेकून झोपले.

कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड आणि आठ माणसं. तिथे कारखान्यांसाठी तपासणीची यंत्रं बनतात. पट्ट्यावरून बरण्या सरकत जातात, वरचा कॅमेरा प्रत्येकीचा फोटो काढतो आणि ही चांगली की खराब ते संगणक ठरवतो. खराब असली तर बाजूचा दांडा तिला पेटीत ढकलतो. त्या वेळी मधाच्या कारखान्यासाठी काचेच्या बरण्या तपासणारं यंत्र बनत होतं. काचेला तडा असला आणि तुकडा मधात गेला तर काय होईल ते सांगायला नको.

काकांचं काम या यंत्राच्या दिव्याचं. फक्त दिव्याचं. पुण्याला भोसरीत आणि मग इथे, मिळून चाळीस वर्षं त्यांनी वस्तूंवर उजेड कसा पाडायचा एवढंच केलंय. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक बरणी दिली आणि यात काय दिसतंय ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी दिवा बंद केला. मी घाबरले, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी बाजूने तिरका उजेड टाकला आणि बरणीच्या खांद्यावर एक पांढरी रेघ उमटली, केसापेक्षा बारीक.

"कॅमेऱ्याला डोळा असतो, अक्कल नसते," ते म्हणाले. "त्याला बरणी दिसत नाही, तडा दिसत नाही. उजेड दिसतो. आपण तड्याला बोलतं करायचं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्यांनी ते बघितलं आणि त्यांना फार बरं वाटलं असावं, कारण त्यानंतर दिवसभर ते वाक्यं सांगत राहिले. समोरून उजेड टाकला की सगळेच सुंदर दिसतात. सावली ही फुकटची मोजपट्टी आहे. सावकाश, म्हणजे मला लिहिता येईल अशा बेताने.

त्यांचा जीव होता तो एका दिव्यावर. एका बाजूला लोखंडी पेटी, तिच्यात प्रखर दिवा आणि घरघरणारा पंखा. पेटीतून हाताच्या अंगठ्याएवढी जाड नळी निघते. नळीत काचेचे हजारो केस, एकमेकांना चिकटून. त्या केसांतून उजेड वाहत जातो आणि सहा फुटांवर एका कड्यातून बाहेर पडतो, बरोबर बरणीच्या तोंडाभोवती. पेटी तापते, कडं गार राहतं. मधाच्या कारखान्यात रोज पाण्याच्या फवाऱ्याने यंत्रं धुतात, तेव्हा बरणीजवळ वायर नाही, वीज नाही, फक्त काच. काका पेटीला शेगडी म्हणत आणि नळीला वेणी. ती वेणी त्यांनी स्वतः बांधली होती. अकरा वर्षांपूर्वी कड्यात केस ओवून, चिकटवून, बारीक आणि मग आणखी बारीक कागदावर घासून त्यांनी तिला आरशासारखी केली होती. तेव्हापासून ती एका यंत्रातून काढायची, दुसऱ्यात लावायची, चाचण्या घ्यायच्या, असं चाललं होतं.

शेगडी हे नाव उगाच नव्हतं. पंख्यातून येणाऱ्या गरम हवेवर ते डब्यातली पोळी गरम करत. साहेबाने, म्हणजे ग्रॅहमने, एकदा पकडलं आणि लेखी मनाई केली. काका दोन दिवस गार पोळी खाऊन हिंडले आणि तिसऱ्या दिवशी कपभर पाणी शेगडीवर ठेवून म्हणाले की मनाई पोळीची आहे.

ग्रॅहम तसा चांगला माणूस. सगळ्याला स्वीट अ‍ॅज म्हणजे झकास म्हणतो, न आवडलेल्या गोष्टीलाही. त्याला ती वेणी काढून एलईडीचं तयार कडं बसवायचं होतं. बाकी सगळ्या यंत्रांना एलईडी केव्हाच आले होते. तुझा दिवा म्युझियमला देऊ या, असं तो काकांना आठवड्यातून एकदा तरी म्हणे. काका त्याला पुन्हा पुन्हा समजावत, की एलईडी म्हणजे ठिपके. काचेच्या गोलाईवर ते ठिपके उमटतात आणि बिचारा कॅमेरा त्यांनाच दोष समजतो. वेणीचा उजेड कसा एकसंध, साईसारखा. साय हा शब्द इंग्रजीत सांगताना ते अडकत. ग्रॅहमने एकदा सरळच विचारलं, की सोम, तुझं म्हणणं दिव्यावर क्रीम लावायचं असं आहे का.

घरी ते एकटे. हेन्डरसनलाच कोणाच्या तरी घरामागच्या छोट्या खोलीत राहतात. काकू एक हिवाळा राहून गेल्या आणि पुण्याला लेकीकडे परतल्या. इथे दुपारी चारनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. काका रोज साडेतीनला शेडच्या मागे जाऊन त्यांना फोन करत. मी एकदा चहा द्यायला गेले तेव्हा ते आज किती बरण्या पडल्या ते सांगत होते. पलीकडून काकू कुकरची शिट्टी झाली म्हणत होत्या.

आता सात नंबरच्या बरणीबद्दल सांगायला हवं.

यंत्र नीट चालतंय हे रोज सकाळी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी दहा खराब बरण्या जपून ठेवलेल्या होत्या. मधवाल्यांनी आणि आमच्या कंपनीने मिळून निवडलेल्या, तळाला एक ते दहा आकडे चिकटवलेल्या, लाकडी खोक्यात आपापल्या खणात बसवलेल्या. रोज सकाळी त्या दहाही पट्ट्यावर सोडायच्या. यंत्राने दहाही ढकलल्या पाहिजेत. एक जरी सुटली तर त्या दिवशी यंत्र नापास. म्हणजे जगातल्या चांगल्या बरण्यांना कोणी विचारत नाही आणि या दहा खराबांची मात्र बडदास्त. किल्ली काकांकडे, आणि खोकं कोणी हाताळलं त्याची सही एका कार्डावर. खोकं शेडबाहेर न्यायचं नाही, बरण्या अदलाबदल करायच्या नाहीत. आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने चार नंबरमध्ये पेनं उभी केली होती, आणि बरणी पडून फुटली. मधवाल्यांनी सगळी निवड पुन्हा करायला लावली, सहा आठवडे वाया गेले आणि ग्रॅहमने तिच्या तासांवर सही केली नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

डिसेंबरातल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका शुक्रवारी काकांनी मला दहाही बरण्या धुवायला सांगितल्या, बोटांचे ठसे फार झाले होते म्हणून. मी कार्डावर सही केली आणि गरम पाण्यात धुतल्या. जरा जास्तच गरम होतं. तीन आकडे सुटून पाण्यावर तरंगायला लागले. एकीचं तोंड टवकलेलं होतं, ती तीन. एकीत बुडबुडा होता, ती नऊ. राहिलेली बरणी सात, हे उघडच होतं. मी आकडे पुन्हा चिकटवले. काकांना सांगावं असं वाटलं, पण ते फोनवर होते, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं की एवढं माझं मला कळतं.

त्याच ओट्यावर चाचणीच्या उरलेल्या चांगल्या बरण्याही वाळत होत्या. ग्रॅहम म्हणाला हव्या तर घरी ने. आमच्या घरी काचेची बरणी कोणी टाकत नाही. जॅम संपला की बरणी धुऊन ठेवतात, मग तिच्यात मेतकूट किंवा मोहरी जाते, आणि झाकण हरवलं तरी बरणी राहते. मी सहा बरण्या नेल्या. आईला मिक्सर मिळाल्यासारखा आनंद झाला. शेजारच्यांच्या झाडाची कच्ची प्लम तिने आणूनच ठेवली होती. कैरी मिळत नाही म्हणून ती त्यांचं लोणचं घालते, मोहरी, हळद, वर बोटभर तेल. हुबेहूब लागतं, निदान पहिले दोन घास.

सोमवारी सकाळी यंत्राने नऊ बरण्या ढकलल्या. सात नंबर पट्ट्यावरून सरळ पुढे निघून गेली.

काकांनी ती परत सोडली. पुन्हा गेली. त्यांनी ती उचलली, दिवा बंद केला, बॅटरी तिरकी धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग दिवा लावला, बरणी खणात ठेवली आणि म्हणाले, "शेगडीचा बल्ब जुना झाला वाटतं."

त्या आठवड्यात आम्ही बल्ब बदलला. कड्याची उंची बदलली, कोन बदलला, पुन्हा पहिल्यासारखा केला. रोज सकाळी नऊ. मी टिपणं घेत होते आणि मनातून थकले होते, कारण काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते मधेच उठून चहाच्या खोलीतलं कपाट उघडत आणि बॅटरी टाकून कप तपासत. एकदा मला ते बाहेरच्या काचेच्या कचऱ्याच्या डब्यात कमरेपर्यंत वाकलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले, इथले लोक काय काय टाकतात ते बघत होतो. मला वाटलं, वय झालं. मी हे आईला हसत हसत सांगितलं, याची आता लाज वाटते.

शुक्रवारी ग्रॅहम येऊन उभा राहिला. मधवाले यंत्र बघायला बुधवारी यायचे होते. त्याने विचारलं, बरणीचाच काही घोळ नाही ना. काका म्हणाले, बरणी ठीक आहे, सोमवारपर्यंत वेळ दे. ग्रॅहम म्हणाला, स्वीट अ‍ॅज. पण सोमवारी वेणी चालली नाही तर एलईडी मागवणार.

त्या दिवशी मला बसस्टॉपवर सोडताना काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या उरलेल्या बरण्या कोणी नेल्या का. मी म्हटलं, मी नेल्या ना सहा, आईने लोणचं घातलं. गाडी चालूच राहिली. मग ते म्हणाले, तुझ्या आईच्या हातचं बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही. त्यांनी आमच्याकडचं कधीच काही खाल्लेलं नव्हतं. ते कोणाकडेच जात नाहीत. मी म्हटलं, रविवारी या.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाबांशी बेकरीच्या भट्टीबद्दल बोलले, आणि उष्णता कशी मोजता हे विचारून बाबांना इतकं खूश केलं की बाबा जेवताना तीनदा उठून हातवारे करून दाखवत होते. काकांनी आमटी दोनदा घेतली. दही संपलं म्हणून आईने मला कोपऱ्यावरच्या डेअरीत पिटाळलं. मी परत आले तेव्हा काका निघायच्या तयारीत होते आणि आईचं तोंड जरा उतरलं होतं. मला वाटलं, त्यांनी आमच्याही ताटांना नावं ठेवली असतील.

सोमवारी ते ग्रॅहमच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले की वेणी गेली. केस तुटलेत, उजेड कमी पडतो, त्यामुळे सात नंबर दिसत नाही. एलईडी मागव. ग्रॅहमला एवढ्या सहज विजयाची तयारी नव्हती. त्याने काकांच्या खांद्यावर थोपटलं, सॉरी मेट म्हणाला, आणि मधवाल्यांना फोन करून तारीख महिनाभर पुढे ढकलली. नवा दिवा म्हणजे नमुन्याच्या बरण्याही नव्याने ठरवायच्या, म्हणून जुनं खोकं रद्द झालं. आणि तयार कड्याला रोज निगा लागत नाही. त्यामुळे आठवडाभराने ग्रॅहमने काकांना बोलावून सांगितलं की फेब्रुवारीपासून तुला मंगळवार आणि गुरुवार आलास तरी पुरे. तोही बिचारा हे सांगताना खिडकीबाहेर बघत होता.

काका जागेवर आले आणि मला म्हणाले, आता पाच दिवसांची सुट्टी, मजा आहे. मी टेबल पुसलं.

खरी गोष्ट मला जानेवारीत कळली, आणि तीही लोणच्यावरून. मी जेवताना लोणचं मागितलं. आई म्हणाली, एकच बरणी भरून झालं होतं, तेही तुझ्या त्या सोमणांनी टाकून दिलं. ती इतके दिवस गप्प राहिली होती, पण लोणच्याचं दुःख तिला पोटात ठेवता येईना. त्या रविवारी मी दह्याला गेले आणि काकांनी स्वयंपाकघरात येऊन दिवा बंद केला होता. ओट्यावरच्या सहाही बरण्यांवर बॅटरी फिरवली. एकीपाशी थांबले. त्या बरणीखाली आईने बशी ठेवली होती, कारण तेल पाझरत होतं. ते म्हणाले, "वहिनी, हिला तडा आहे. यातलं कोणी खाऊ नका." मग स्वतःच लोणचं कचऱ्यात ओतलं, बरणी तीन पाण्याने धुतली, तड्यावर पुन्हा उजेड टाकला आणि नुसते बघत उभे राहिले. आईने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही दिसत नाही आता. जाताना बरणी पिशवीत घालून घेऊन गेले. पोरीला सांगू नका म्हणाले, तिच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे.

सगळं एकदम लक्षात आलं असं नाही, पण तुकडे एकेक करून जागेवर बसायला लागले. वेणी कधी बिघडलीच नव्हती. बरणी बदलली होती, आणि ती मी बदलली होती. चाळीस वर्षं तडे बघणाऱ्या माणसाला ते सोमवारी सकाळी पहिल्या मिनिटातच कळलं होतं. कपाटं, कपबशा, कचऱ्याचा डबा, तो सगळा आठवडा ते सात नंबर शोधत होते, म्हणजे ती गुपचूप खणात परत ठेवता येईल. आणि सापडली तेव्हा तिच्या तड्यात तेल शिरलं होतं. तडा चमकतो तो आत हवा असते म्हणून. तेल भरलं की उजेड न अडखळता आरपार जातो. आईच्या लोणच्याने ती बरणी जगातल्या कोणत्याही कॅमेऱ्यापुढे निर्दोष करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी काकांसमोर बसले. रात्रभर वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी एवढंच म्हटलं, की आईने सांगितलं, मी आज ग्रॅहमला सगळं सांगणार आहे.

ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. ते साखर घेत नाहीत.

"किती तास राहिलेत तुझे?"

"एकशे दहा."

"मग?"

"काका, तुम्ही फुटली म्हणून सांगायचं ना."

"फुटली म्हटलं तर तुकडे दाखवावे लागतात. तुकड्यांवर तडा दाखवावा लागतो. आणि कार्डावर शेवटची सही कोणाची आहे?"

ती माझी होती.

"दिवा नवा आला तर खोकंच रद्द होतं. मग सात नंबर कोणी विचारत नाही. दुसरा रस्ता नव्हता, मी पाच दिवस बघितला." मग म्हणाले, "वेणी आज ना उद्या जाणारच होती गं. तुझं कॉलेज जायला नको."

"पण तुमचे तीन दिवस गेले त्यात."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मी म्हटलं, मला हे असं ठेवता येणार नाही, मला खोटं वाटतंय. तेव्हा पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. आवाज मात्र चढला नाही.

"चाळीस वर्षं मी लोकांना खरं सांगत फिरलो. कोणाला आवडलं नाही. एकदाच खोटं बोललो, ते तरी नीट उभं राहू दे."

मी ग्रॅहमला सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला अजून माहीत नाही. उरलेले एकशे दहा तास मी एलईडीच्या कड्याबरोबर काढले. ते चांगलं चालतं. काकांनीच त्याच्यापुढे एक दुधी काच बसवून ठिपके घालवले, आणि ग्रॅहमने ते सगळ्यांना दाखवलं.

माझे आठशे तास फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेदहाला संपले. ग्रॅहमने पुस्तिकेवर सही केली, किया ओरा हे इथलं माओरी अभिवादन आणि गुड लक दोन्ही म्हणाला आणि सांगितलं की आता घरी जा, मजा कर. मी पिशवी भरली. काका त्यांच्या टेबलाशी होते. त्यांच्यापुढे वेणी होती, यंत्रातून काढलेली, वेटोळं करून ठेवलेली. दुपारी भंगारवाला येणार होता.

मी नमस्कार करायला वाकले तर म्हणाले, तो राहू दे, जायच्या आधी एक काम कर. त्यांनी वेणीचं एक टोक शेगडीला लावलं, कडं माझ्यापुढे धरलं आणि हातात भिंग दिलं. भिंगातून हजारो बारीक ठिपके दिसत होते, प्रत्येक म्हणजे एक केस, लखलखीत. त्यात मधेमधे काळे. काळे म्हणजे तुटलेले केस. ते मोज, म्हणाले. कशासाठी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी कड्याभोवती सावकाश फिरत मोजले. बाराची बस गेली. मी म्हटलं, एकसष्ट. एवढ्या हजारांत एकसष्ट म्हणजे काहीच नाही. वेणी ठणठणीत होती, आणि हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"घाई केलीस," ते म्हणाले. "परत मोज."

दुसऱ्यांदा चौसष्ट आले. त्यांनी मान हलवली. मधे त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली, आणि साडेतीन वाजले तेव्हा फोन करायला उठले नाहीत. नुसते माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. भंगारवाला बाहेर हॉर्न वाजवून गेला, त्याला कोणी हाक मारली नाही.

"किती?"

मला बासष्ट आले होते. मी म्हटलं, चुकले वाटतं. भिंग पुसलं, कड्यावरच्या पहिल्या काळ्या ठिपक्याशी पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.